दिवा घालवला म्हणजे गाडी बरी झाली?

साखरेची तपासणी सोमवारी असली की शनिवारपासून जिलेबीला नाही म्हणणारे रुग्ण कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत भेटतात. उपाशीपोटीचा आकडा मग बरा येतो. पण डॉक्टर एचबीए१सी लिहून देतात तेव्हा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब कागदावर उतरतो आणि दोन दिवसांचे पथ्य कामाला येत नाही. मोटारींच्या धुराच्या बाबतीत अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने हा फरक ओळखून तपासणीची पद्धतच बदलली. आपल्याकडची पीयूसी मात्र अजून उपाशीपोटीच्या आकड्यावर समाधानी आहे.

अमेरिकेत १९९६ पासून विकल्या गेलेल्या प्रत्येक मोटारीत ओबीडी-टू ही यंत्रणा असते. गाडीने स्वतःची तब्येत स्वतः तपासत राहायची, अशी ही सोय. स्टीअरिंगच्या खाली कुठेतरी १६ पिनांचे एक सॉकेट असते, तिथे स्कॅनर जोडला की गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, काय म्हणतो ते वाचता येते. इंजिन मिसफायर होते आहे का, इंधनाचे प्रमाण बरोबर आहे का, हे तो सतत पाहतो. काही तपासण्या मात्र ठरावीक परिस्थितीतच होतात. उदाहरणार्थ, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्याच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढचा सेन्सर सारखा वरखाली होत असताना मागचा शांत असेल तर कन्व्हर्टर काम करतो आहे. मागचाही पुढच्यासारखाच नाचू लागला की कन्व्हर्टर थकला. बहुतेक दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसले तरच 'चेक इंजिन'चा दिवा लागतो. एका शिंकेवरून निदान न करण्याची ही सावधगिरी कोणत्याही डॉक्टरला पटेल.

हा दिवा लागला की लोकांचा पहिला विचार दुरुस्तीचा नसतो, तो घालवण्याचा असतो. स्वस्तातला स्कॅनर किंवा बॅटरीची काढून लावलेली तार तेवढ्याला पुरते. दिवा जातो, पण त्याबरोबर ईसीयूने केलेल्या तपासण्यांच्या नोंदीही पुसल्या जातात. प्रत्येक तपासणीपुढे 'पूर्ण' ऐवजी 'अपूर्ण' दिसू लागते. यालाच तिकडे रेडिनेस म्हणतात, म्हणजे गाडी तपासणीला तयार आहे की नाही. कॅलिफोर्नियात मार्च २०१५ पासून २००० सालच्या आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये नळी घातलीच जात नाही, ओबीडी वाचले जाते. या गाड्यांत टाकीतून उडणाऱ्या पेट्रोलच्या वाफेची तपासणी तेवढी अपूर्ण चालते. बाकी एकही अपूर्ण राहिली तर गाडी परत पाठवली जाते. काल दिवा घालवून आज आलेला माणूस तिथेच सापडतो.

मॉडिफाय केलेल्या गाड्यांचा प्रश्न इथे येतो. लॅपटॉप लावून ईसीयूचा मॅप बदलला, टर्बो मोठा बसवला की पुष्कळदा त्या नोंदी शून्यावर येतात. गाडीत दोष काहीच नसतो, तरी ती नापास होते आणि हौशी मालक सरकारच्या नावाने खडे फोडतो. खरे तर उपाय सोपा आहे आणि त्याला वेळ लागतो, एवढीच त्याची अडचण. गाडी रात्रभर उभी ठेवायची म्हणजे इंजिन पूर्ण गार होते. टाकी साधारण अर्धी असू द्यायची. ती काठोकाठ किंवा रिकामी असेल तर वाफेची तपासणी चालतच नाही. सकाळी सुरू करून दोन-तीन मिनिटे जागेवर चालू द्यायची, थोडे शहरातून न्यायची, मग महामार्गावर ताशी ऐंशी-नव्वदच्या एकाच वेगात दहाएक मिनिटे, आणि शेवटी ब्रेक न दाबता पाय काढून वेग आपोआप उतरू द्यायचा. प्रत्येक कंपनीचा क्रम थोडा वेगळा असतो, तो मॅन्युअलमध्ये किंवा सर्व्हिस सेंटरला मिळतो. दोन-चार दिवस असे केले की निरोगी गाडी स्वतःच तयार होते. होत नसेल तर खरोखरच काहीतरी बिघडलेले आहे, आणि तेव्हा दिवा घालवत बसण्यात अर्थ नाही. दिवा लुकलुकत असेल तर एवढाही उशीर करू नये. तो बहुधा मिसफायर असतो आणि न जळलेले इंधन कन्व्हर्टरला जाळून टाकते.

यातही पळवाटा निघाल्याच. कन्व्हर्टर काढून टाकायचा आणि मागचा सेन्सर धुराच्या झोतापासून थोडा दूर बसवून त्याला फसवायचे, किंवा सॉफ्टवेअरमध्येच ती तपासणी कायमची 'पूर्ण' लिहून ठेवायची. कॅलिफोर्नियाने याला दोन उत्तरे दिली. जुलै २०१९ पासून तिथे २०१० नंतरच्या गाड्यांमधले 'पर्मनंट' कोड पाहतात. हे कोड स्कॅनरने जात नाहीत की बॅटरी काढून जात नाहीत, दोष गेल्याची खात्री झाल्यावर गाडी ते स्वतःच पुसते. धुराचा एचबीए१सी म्हणायचा तर हाच. पुढे जुलै २०२१ पासून ईसीयूमधले सॉफ्टवेअर कंपनीचे मूळ किंवा मान्यताप्राप्त आहे का, हेही तपासू लागले. हौसेला तिथे बंदी नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. जे सुटे भाग आणि मॅप राज्याच्या हवा मंडळाने तपासून मंजूर केले आहेत ते खुशाल लावता येतात, त्यांना तसा क्रमांकच मिळतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असे विचारणाऱ्यांनी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मुलांचा अभ्यास पाहावा. लॉंग बीच, रिव्हरसाइड यांसारख्या पाच ठिकाणच्या दोन हजारांहून अधिक मुलांची फुप्फुसे ११ ते १५ या वाढत्या वयात वर्षानुवर्षे मोजली गेली. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. १९९४ ते १९९८ या काळात मोजलेल्या मुलांपैकी १५व्या वर्षी ७.९ टक्के मुलांचा श्वास सोडण्याचा जोर चिंता वाटावी इतका कमी होता. २००७ ते २०११ च्या तुकडीत तेच प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. मधल्या काळात तिथल्या हवेतला नायट्रोजन डायऑक्साइड आणि सूक्ष्म कण घटले होते. फुप्फुसांची वाढ विशीच्या आसपास थांबते. त्याआधी जे मिळाले नाही ते नंतर कोणत्याही पंपाने भरून निघत नाही.

उलट दिशेचा हिशेबही उपलब्ध आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२० मध्ये काढलेल्या अंदाजानुसार दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांची प्रदूषण नियंत्रणे काढून टाकली गेली होती. त्या गाड्या आयुष्यभरात ५ लाख ७० हजार टनांहून अधिक जादा नायट्रोजन ऑक्साइड सोडतील, असे त्या संस्थेने म्हटले. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले आहे. ताकद वाढते म्हणून डीपीएफ काढून देणारे गॅरेजवाले आपल्याकडेही आहेत. त्यांच्या शेजारच्या शाळेतल्या मुलांना हे कोणी विचारत नाही.

आपल्याकडच्या चारचाकींत ओबीडी नाही, असे नाही. पहिला टप्पा २०१० मध्ये आला, दुसरा २०१३ मध्ये, आणि एप्रिल २०२० पासून बीएस-सहा गाड्या आल्या. सॉकेट तेच, १६ पिनांचे. पण पेट्रोल पंपावरच्या पीयूसीच्या गाडीत त्याला कोणी हात लावत नाही. पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, डिझेलच्या धुराची दाटी, एवढेच मोजतात. दम्याच्या रुग्णाला छळणारा नायट्रोजन डायऑक्साइड या तपासणीत येतच नाही. डीपीएफ असलेल्या गाडीतला फिल्टर काढला तरी जुनी, ढिली धूरमर्यादा ती ओलांडेलच असे नाही. गाडी प्रत्यक्ष न आणता मिळणाऱ्या प्रमाणपत्रांबद्दल तर बोलायलाच नको. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही, पण आरटीओचे लक्ष रंग, टायर आणि कर्कश सायलेन्सरकडे. सॉफ्टवेअर डोळ्यांना दिसत नाही.

ओबीडी हा रामबाण नव्हे, हेही खरे. फोक्सवॅगनने जगभरात सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत फसवे सॉफ्टवेअर घातले होते. ते २०१५ मध्ये उघड झाले, त्याआधी रस्त्यावर चालत्या गाडीचा धूर मोजल्यामुळे संशय आला होता. फसवणूक कंपनीनेच केली तर गाडीची स्वतःबद्दलची साक्ष काय कामाची? शिवाय जुन्या गाड्या आणि दुचाक्यांसाठी नळीची तपासणी लागेलच. पण निदान बीएस-सहा चारचाकींना पीयूसीच्या वेळी स्कॅनर लावून दिवा, कोड आणि रेडिनेस या तीन गोष्टी प्रमाणपत्रावर छापायला अडचण काय? पहिले वर्षभर कोणालाही नापास करू नये, फक्त नोंद ठेवावी. टॅक्सी आणि मालवाहू गाड्यांपासून सुरुवात करावी, कारण त्या दिवसभर रस्त्यावर असतात. पुणे किंवा ठाण्यासारख्या एका शहरात किती गाड्यांच्या तपासण्या 'अपूर्ण' निघतात, हा आकडा तरी त्यातून परिवहन खात्याच्या हाती येईल. आज तो कोणाकडेच मागता येत नाही.