ऐकत नाहीं म्हणजे काय ?

पालकसभेच्या दिवशीं एक तक्रार आमच्या कानीं हटकून येते. “आमचा चिरंजीव मुळींच ऐकत नाहीं हो ! आतां तुम्हींच कांहीं करा.” सांगणारी माता अगदीं मेटाकुटीस आलेली असते, आणि चिरंजीव तिच्या पदराआड उभे राहून खिडकीबाहेरच्या चिमण्या मोजीत असतात.

आमच्या मराठी भाषेंत ‘ऐकणें’ ह्या एकाच क्रियापदानें दोन कामें भागविलीं आहेत. कानावर आलेला शब्द मनीं घेणें हें एक, व सांगितलेलें निमूटपणें करणें हें दुसरें. आम्हां वडील मंडळींस बहुधा दुसरें हवें असतें. पहिल्याची मशागत मात्र कोणी करीत नाहीं. पांचसहा वर्षांच्या मुलास पहिलें साधलें नसतां त्याजकडून दुसऱ्याची अपेक्षा करणें, हा आमच्या मतें उघड अन्याय आहे.

ह्या अन्यायांत आम्हीही सामील होतों, हें कबूल केलें पाहिजे. पहिल्या इयत्तेंत शेवटच्या बाकावर एक मुलगा बसे. पुस्तकें काढा म्हटलें कीं, इतरांचीं निघाल्यावर तो इकडेतिकडे पाहून आपलें काढी. आम्हीं त्यास आळशी ठरविलें. दोनतीन वेळां वर्गांत उभेंही केलें. पावसाळ्यांत तर प्रकरण फारच वाढलें. शेवटीं एका बाईंच्या ध्यानांत आलें कीं, समोरून बोलल्यास हा मुलगा ऐकतो. पाठीमागून हांक मारल्यास मान वळवीत नाहीं. डॉक्टरांनीं तपासलें तेव्हां दोन्ही कानांच्या पडद्यांमागें पाणी सांचलेलें आढळलें. सर्दीपडशानंतर लहान वयांत हा विकार पुष्कळांस होतो. कान दुखतोच असें नाहीं, परंतु आठवडेच्या आठवडे ऐकूं कमी येतें. बहुधा तो आपोआप बराही होतो. मात्र तोंवर मुलाच्या कपाळीं ‘हट्टी’ हा शिक्का बसलेला असतो. (कानांत कोमट तेल ओतण्याची घरगुती रीत पालकांनीं कृपा करून सोडावी. पडद्यास भोंक असल्यास त्यापासून अपायच होतो.) त्या मुलास आम्हीं पहिल्या बाकावर आणलें. शिक्षा केल्याबद्दल त्याची क्षमा मागावयास मात्र आम्हांस आणखी चार दिवस लागले.

कान निर्दोष असतां काय करावें ? स्वयंपाकघरांतून एका दमांत आज्ञा सुटतात: “हातपाय धू, दप्तर जागेवर ठेव, दूध पी आणि अभ्यासाला बस.” ह्यांतील एखादीच बालकाच्या ध्यानीं राहते. त्यापेक्षां जवळ जावें, नांवानें हांक मारावी, त्यानें वर पाहिलें म्हणजे एकच गोष्ट सांगावी व ती त्याच्या तोंडून वदवून घ्यावी. तीच गोष्ट पांच वेळां सांगणारा पालक मुलास असें शिकवितो कीं, पहिल्या चार वेळां ऐकण्याचें कारण नाहीं. आणि मूल शाळेंतली हकीकत सांगूं लागलें असतां ‘हं, हं’ म्हणत मोबाईलवर बोट फिरविणारे वडील काय शिकवितात, हें त्यांचें त्यांनींच पहावें.

शाळेंत ह्या कामीं एक जुना खेळ फार उपयोगी पडतो. मारिया माँटेसरी ह्या विदुषीनें १९०७ सालीं रोम शहरांतील एका गरीब वस्तींत बालगृह उघडलें. एके दिवशीं त्या चार महिन्यांची एक तान्ही मुलगी वर्गांत घेऊन आल्या, व हिच्याइतकें शांत कोणास राहतां येतें काय, असें त्यांनीं विचारलें. मुलें श्वास आवरून बसलीं. त्यांतून शांततेचा खेळ निघाला. मुलांनीं डोळे मिटून स्तब्ध बसावें. शिक्षिकेनें दूर जाऊन एकेकाचें नांव कुजबुजावें. ज्याचें नांव येईल त्यानें पाय न वाजवितां तिच्याकडे जावें. गिजुभाई बधेका ह्यांनीं १९२० सालीं भावनगरास काढलेल्या बालमंदिरांत माँटेसरीबाईंच्याच पद्धतीचा आधार घेतला होता, आणि आमच्या ताराबाई मोडक ह्यांनीं तेथेंच कांहीं वर्षें काम केलें. ह्या खेळास खर्च नाहीं, साहित्य नाहीं. वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांनीं घरीं धाकट्या भावंडांबरोबर तो अवश्य खेळून पहावा. पाळी उलट घेऊन धाकट्यासही कुजबुजूं द्यावें.

आमच्या पहिलीच्या वर्गांत दिवाळीनंतर हा खेळ घेतला, तेव्हां त्या मुलाचे कान सुधारले होते. बाईंनीं दाराबाहेरून त्याचें नांव घेतलें. तो पहिल्याच हांकेस उठला. बाक मात्र चांगलाच वाजविला.