विश्लेषण : ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मधील सुखी माणसांना सुटका का नको असते?

लंडनमधील एका रुग्णालयात पाळी संपवून १६२ कामगार ‘सोमा’च्या गोळ्यांसाठी जमले आहेत. एक तरुण पुढे होतो, हे विष आहे असे ओरडतो आणि मूठमूठ गोळ्या खिडकीबाहेर भिरकावतो. कामगार त्याच्यावरच तुटून पडतात. ऑल्डस हक्सले यांच्या १९३२ मधील कादंबरीतला हा प्रसंग आजही झोंबतो.

हे समाधान घडते कसे?

या राज्यात बाळे बाटलीत वाढतात. आल्फा ते एप्सिलॉन ही जात जन्माआधीच ठरते. आपलाच वर्ग बरा, हे झोपेत कानावर पडत राहते. डेल्टा बाळांना पुस्तके आणि फुले दाखवून विजेचे झटके दिले जातात, कारण फुले पाहायला पैसे पडत नाहीत आणि त्यावर कारखाने चालत नाहीत. उरलेली बेचैनी सोमा मिटवतो. रुग्णालयातील दंगलही पोलीस सोमाची वाफ फवारून आणि प्रेमळ भाषणाची ध्वनिफीत लावून शमवतात.

ऑर्वेल यांच्यापेक्षा वेगळे काय?

जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’मधील सत्ता भीतीवर चालते. ऑर्वेल हे ईटनमध्ये काही काळ हक्सले यांचे विद्यार्थी होते. १९४९ मध्ये ही कादंबरी वाचून हक्सले यांनी त्यांना पत्र लिहिले. लोकांना गुलामीच आवडू लागली तर तुरुंग आणि लाठीपेक्षा ते सत्तेला अधिक सोयीचे ठरेल, असा त्याचा आशय होता.

आज याचा संबंध काय?

यंत्रणा जे मोजते, तेच ती वाढवते, हा अभियांत्रिकीतला साधा धडा. बहुतेक अ‍ॅप माणूस किती वेळ थांबला हे मोजतात, म्हणून फीड संपत नाही. आमच्या डेस्कवरही वाचक बातमीवर किती सेकंद रेंगाळला, याचा आकडा समोर असतो. ‘लोकांना आवडते’ हा बचाव इथे लंगडा पडतो. आवडच यंत्रणेने घडवली असेल, तर तिची साक्ष कशी ग्राह्य धरायची?

मग कामगार मूर्ख होते का?

तसे म्हणणे सोपे आहे. पण थकलेल्या माणसाच्या हातची गोळी हिसकावून घेणाऱ्या त्या तरुणाकडे बदल्यात देण्यासारखे काहीच नव्हते. म्हणून माणसे समाधानी आहेत का, एवढेच विचारून भागत नाही. कंटाळा आल्यावर बाहेर पडता येते का, आणि बाहेर जावेसे वाटेल असे काही उरले आहे का, हेही विचारायला हवे.