मोत्या गुरगुरला, बरं झालं!



आपल्या रामटेकच्या मुलांना गडावर कसं वागायचं हे शिकवावं लागत नाही. प्रसादाची पिशवी सदऱ्याआड लपवायची, वानराच्या डोळ्यांत डोळे घालून बघायचं नाही, पोटाशी पिल्लू धरलेल्या वानरिणीजवळ जायचं नाही, नि एखादं अंगावर आलंच तर किंचाळत पळायचं नाही. बाहेरगावच्या पाहुण्यांना तर पहिलीतलं पोरही ऐकवतं, "काका, केळं आत टाका जी!"

पण हीच हुशार मुलं घरी कुत्र्याच्या पाठीवर बसून घोडाघोडा खेळतात, त्याचे कान ओढतात, तो जेवत असला की ताटलीत हात घालतात. का? तर वानर परकं नि कुत्रा आपला! कुत्रा आपला असतो हे खरंच. पण दात त्यालाही असतात.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. सोमवार होता. तिसरीच्या वर्गात शुद्धलेखन चालू होतं. एक मुलगा चक्क डाव्या हातानं लिहीत होता. उजवा हात खिशात.

"काय झालं रे हाताला?"

"काही नाही जी बाई. सायकलवरून पडलो."

हात बाहेर काढायला लावला, तर अंगठ्याखाली दोन खोल खुणा, वर चुना थापलेला. आजोबांच्या तंबाखूच्या चंचीतला. सायकलला दात नसतात, एवढंच मी म्हटलं, नि त्याला रडू फुटलं. रविवारी संध्याकाळी त्याच्याच राजानं चावा घेतला होता. राजा म्हणजे रस्त्यावरून उचलून आणलेलं चार महिन्यांचं पिल्लू. लस वगैरे काही टोचलेली नाही.

"घरी सांगितलंस?"

"नाही जी. बाबा त्याले खिंडसीकडे नेऊन सोडून देतीन."

बघा, अख्खी रात्र हे लेकरू दुखरा हात पोटाशी धरून गप्प राहिलं. मार बसेल म्हणून नव्हे, आपला राजा जाईल म्हणून! मला त्याचं कौतुकही वाटलं नि अंगावर काटाही आला. कारण ज्या जनावराला रेबीज झालेला असतो, त्याच्या लाळेतून तो विषाणू जखमेत शिरतो आणि नसांच्या वाटेनं हळूहळू मेंदूकडे निघतो. त्याला पोचायला बहुधा काही आठवडे लागतात, कधी महिनेही. तेवढ्यात लस टोचून घेतली तर माणूस वाचतो. पण तो मेंदूत पोचला, आजार दिसायला लागला, की मग जवळजवळ कुणीच वाचत नाही. ही शर्यत आहे, नि सुरुवात करायला जो उशीर होतो तो आपल्या बाजूनं होतो. पिल्लू लहान आहे, घरचं आहे, म्हणून त्याला रेबीज होणार नाही असंही नसतं.

आम्ही आधी नळावर गेलो. वाहतं पाणी, साबण आणि पंधरा मिनिटं. घड्याळ लावून पंधरा, बरं का! मुलांनी भोवती उभं राहून दोनपासून बारापर्यंतचे पाढे म्हटले, तरी वेळ उरला. चुना, हळद, तिखट, तेल यांतलं काही जखमेवर लावायचं नसतं. त्यानं आग होते, विषाणू मरत नाही. साबणानं मात्र तो बराचसा धुऊन जातो. चावल्या चावल्या धुतलं असतं तर सगळ्यांत चांगलं, पण उशिरा का होईना, धुवायचंच.

मग त्याच्या बाबांना फोन केला. ते शेतातून तसेच धावत आले. पहिलं वाक्य तेच, "आजच सोडून येतो त्या कुत्र्याले!" मी म्हटलं, "भाऊ, आधी दवाखाना. आणि पिल्लाला बिलकुल सोडू नका. ते दहा दिवस आपल्या डोळ्यांसमोर पाहिजे." चावणारं कुत्रं दहा दिवस धडधाकट राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं डॉक्टर धरतात. सोडून दिलं तर कळणार कसं? मात्र दहा दिवस वाट बघून मग लस घेऊ, असं चालत नाही. लस त्याच दिवशी सुरू करायची.

सरकारी दवाखान्यात ही लस फुकट मिळते. दोन्ही दंडांवर कातडीत छोटीशी टोचणी. रक्त निघालं होतं म्हणून डॉक्टरांनी जखमेभोवती सीरमही दिलं. घरी आजी घाबरून बसली होती. तिला पोटातल्या चौदा इंजेक्शनांची आठवण! आजी, ती जुनी लस होती. २००४-०५ नंतर ती आपल्या देशातून गेली.

आता गणित करू या. पहिल्या टोचणीचा दिवस शून्य. पुढच्या तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. शून्य सोमवारी असेल, तर बाकीचे वार कोणते? (दंडाच्या स्नायूत देतात त्या लशीला चौदाव्या दिवशी आणखी एक फेरी असते. डॉक्टर कागदावर लिहून देतील तेच खरं.)

ही लस घेणारा पहिला मुलगा तुमच्याच वयाचा होता. जोसेफ माईस्टर, वय वर्षं नऊ. जुलै १८८५ मध्ये त्याला पिसाळलेल्या कुत्र्यानं ठिकठिकाणी चावे घेतले. आई त्याला घेऊन पॅरिसला लुई पाश्चरकडे गेली. पाश्चर होते रसायनशास्त्रज्ञ, स्वतः टोचायची त्यांना परवानगी नव्हती. तेव्हा ६ जुलैला दुसऱ्या डॉक्टरांनी सुई धरली. दहा-अकरा दिवसांत तेरा टोचण्या! जोसेफ वाचला. मोठेपणी तो पाश्चर यांच्याच संस्थेत रखवालदार झाला.

आपल्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी विचारलं, "राजा चावला तेव्हा काय चाललं होतं?" तर राजा खाटेखाली हाडूक घेऊन बसला होता, नि यानं त्याला पाय धरून बाहेर ओढला.

"आधी काही बोलला का तो?"

"गुर्र केलं जी. मग मी त्याले एक चापट देल्ली."

मी हसले नाही. कारण तीच चूक मी स्वतः केलेली आहे, तीही डी.एड. झाल्यावर!

आमच्या घरी मोत्या आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा तो मोरीजवळच्या ओल्या फरशीवर पडून राही. माझी धाकटी तेव्हा दोन वर्षांची. ती जाऊन त्याच्या अंगावर धप्पकन पडायची, गळ्याला मिठी मारायची. मोत्या जांभई द्यायचा, जीभ ओठांवरून फिरवायचा, तोंड दुसरीकडे वळवायचा. मला वाटे, किती गुणी कुत्रा! एके दिवशी तो गुरगुरला. मी झाडू घेऊन त्याला बदडलं. लेकरावर गुरगुरतो म्हणजे काय? त्यानंतर तो गुरगुरायचा बंद झाला, नि मी खूश. तीन महिन्यांनी त्यानं काहीही आवाज न करता झडप घातली. दातांत फ्रॉकची झालर आली म्हणून निभावलं.

गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर मला म्हणाले, "बाई, तुम्ही त्याला बोलायची बंदी केली. चावायची बंदी कुठं झाली?"

तेव्हा समजलं. जांभई, ओठ चाटणं, तोंड वळवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, अंग ताठ होणं, हे सगळं कुत्र्याचं बोलणंच. 'पुरे आता, जा' असं तो आधी हळू सांगतो, ऐकलं नाही तर गुरगुरून सांगतो. शेपूट हलते म्हणजे तो खूशच आहे असंही नाही. ताठ उभी राहून हलणारी शेपूट वेगळी. आणि गळ्यात पडलेलं आपल्याला गोड वाटतं, कुत्र्याला अडकल्यासारखं होतं. त्याला हाक मारा. तो स्वतः जवळ आला तर छातीवर, मानेखाली खाजवा. उठून गेला तर जाऊ द्या.

आता आई-बाबांशी थोडं. मुलांनो, हे त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.

पाच-सहा वर्षांखालचं मूल आणि कुत्रा यांना खोलीत एकटं ठेवू नका, कुत्रा कितीही गरीब असला तरी. 'मी फक्त दूध बघून येते' म्हणतानाही दोघांतला एक जण सोबत न्या. लहान मुलाचं तोंड नेमकं कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला असतं, त्यामुळं चावा चेहऱ्यावर बसतो. कुत्र्याला घरात एक कोपरा द्या, पोत्याचा असेना. तो तिथं गेला की मुलांनी हात लावायचा नाही. तो जेवताना, झोपताना, नि पिल्लं असताना तर नाहीच. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचा, पुढं डॉक्टर सांगतील तेव्हा नि दर वर्षी. जंताचं औषधही द्या, कारण कुत्र्याचे जंत मातीतून मुलांच्या पोटात जातात. कुत्र्याशी खेळून झालं की हात धुवायचे ते यासाठीच.

आणि कृपा करून 'सोडून देईन' ही धमकी देऊ नका. त्या धमकीनं कुत्रं सुधारत नाही, पोर मात्र चावा लपवायला शिकतं.

आमच्या मोत्याला पुन्हा बोलायला वर्ष लागलं. धाकटी त्याच्या कोपऱ्यात घुसली, नि तो हळूच गुरगुरला. मी तिला उचलून घेतलं आणि त्याला म्हटलं, "बरं झालं, सांगितलंस!"

राजाचे दहा दिवस नीट गेले. अकराव्या दिवशी बाबांनीच त्याला मोटारसायकलवर बसवून लस टोचून आणली. मुलानं अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत एकही फेरी चुकवली नाही. नंतर मी सहज त्याच्या घरी गेले, तर खाटेच्या पायाला पुठ्ठा बांधलेला: 'राजा जेउन राहिला. हात लाऊ नए.'

मी शुद्धलेखन तपासलं नाही.