डायलिसिसच्या रुग्णाची त्वचा दुखते तेव्हा

डायलिसिसवर असलेल्या रुग्णाच्या मांडीवर वा पोटावर जांभळट डाग उमटला, की घरात मार लागल्याची किंवा ॲलर्जीची शंका येते आणि मलम किंवा हळदीचा लेप लावला जातो. बहुतेक डाग साधेच असतात. मात्र नुसत्या स्पर्शाने रुग्ण कळवळत असेल, तर कॅल्सिफिलॅक्सिस या विरळा पण गंभीर विकाराची शक्यता ध्यानात घ्यावी.

निकामी मूत्रपिंडांना फॉस्फरस पुरेसा बाहेर टाकता येत नाही. कॅल्शियमचा तोल ढळतो, पॅराथायरॉइड ग्रंथी अतिक्रियाशील होतात. अशा वेळी काही रुग्णांच्या त्वचेतील आणि तिच्याखालच्या चरबीतील सूक्ष्म रोहिण्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचते. पुढे त्यांत गुठळी होऊन रक्तपुरवठा तुटतो. त्वचेवर जाळीसारखी जांभळी नक्षी उमटते, कठीण गाठी हाताला लागतात, मग खोल जखम होऊन तिच्यावर काळी खपली धरते. वेदना अनेकदा जखमेच्या आधीच सुरू होते. जखमेतील जंतुसंसर्ग रक्तात पसरणे हा सर्वांत मोठा धोका. निदानानंतर वर्षभरात सुमारे निम्मे रुग्ण दगावतात.

स्त्रिया, स्थूल व्यक्ती, मधुमेही आणि वॉरफॅरिन घेणारे रुग्ण यांना धोका अधिक. रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचू न देणाऱ्या प्रथिनाला 'के' जीवनसत्त्व लागते आणि वॉरफॅरिन नेमके त्यालाच अडवते. तरीही हे औषध स्वतःहून बंद करू नये. तो निर्णय डॉक्टरांचा.

असा दुखरा डाग दिसल्यास डायलिसिसच्या पुढच्या पाळीची वाट न पाहता मूत्रपिंडतज्ज्ञांना दाखवा. तेथे चोळू नका, शेकू नका, इन्सुलिनचे इंजेक्शनही देऊ नका. सोडियम थायोसल्फेट शिरेतून देणे, औषधांत फेरबदल, जखमेची निगा आणि पुरेसे वेदनाशमन असे उपचार केले जातात.

एरवीही डायलिसिसची पाळी चुकवू नये. फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे जेवणासोबतच घ्याव्यात. कोला पेये व डबाबंद पदार्थ टाळावेत. हाडे दुखतात म्हणून कॅल्शियम वा 'ड' जीवनसत्त्व मनाने सुरू करू नये.

घरच्यांना आणखी त्रास नको म्हणून पुष्कळ रुग्ण दुखणे अंगावर काढतात. तेव्हा त्यांच्या तक्रारीची वाट न पाहता अधूनमधून त्यांना आपणहून विचारा आणि मांड्या, पोट, पाय नजरेखालून घाला.