पळायला बेट

आमच्या रनिंग ग्रूपमध्ये सध्या एका अर्जाचा मसुदा फिरतोय. बोरिवलीच्या नॅशनल पार्कचं गेट पळणाऱ्यांसाठी अजून लवकर, अंधारातच उघडावं. कान्हेरीच्या डांबरी रस्त्याव्यतिरिक्त आतल्या मातीच्या वाटा पळायला मोकळ्या कराव्यात. आणि वर्षातून एकदा तिथे रीतसर 'ट्रेल रन' व्हावी, टी-शर्ट, मेडल, केळं वगैरे सगळं. चाळीसएक लोकांनी अंगठे दाखवलेत (वर करून, म्हणजे होकारार्थी). मी सही केलेली नाही. पहिली आणि तिसरी मागणी मला साफ नामंजूर आहे, दुसरीला अर्धा होकार. 'तू स्वतः दर रविवारी तिथे पळतोस आणि वर आम्हाला शहाणपण शिकवतोस?' असं दोघांनी विचारलं. ग्रूपवर उत्तर टाइप करून अंगठा दुखला, म्हणून हा लेख.

सुरुवात भूगोलापासून. नॅशनल पार्क एका बेटावर आहे हे मुंबईत दहा-दहा वर्षं काढलेल्या लोकांच्या सुद्धा लक्षात नसतं. सात बेटांची मुंबई शाळेत पाठ असते, पण ती सात बेटं माहीमच्या खाडीशी संपतात. त्यापलीकडे, वांद्र्यापासून थेट घोडबंदरपर्यंत, साष्टी. वसईच्या मोहिमेत ठाणं घेतलं १७३७ साली, तेव्हापासून १७७४ पर्यंत हे बेट मराठ्यांकडे होतं. शीवचा बांध १८०३ चा, माहीमचा १८४५ चा. त्याआधी माहीमहून वांद्र्याला जायचं म्हणजे होडी. आणि या साष्टीच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, त्यात विहार आणि तुळशी हे दोन तलाव, आणि कान्हेरीची शंभरावर लेणी. चारी बाजूंनी आधी पाणी होतं, आता पाणी आणि इमारती. पश्चिमेकडे हायवे, पूर्वेकडे मुलुंड-भांडुप, उत्तरेला घोडबंदर रोड. थोडक्यात, बेटावरचं बेट.

आता बेटाचं गणित असं की तिथल्या प्राण्याला सरकायला जागा नसते. ताडोब्यात माणूस आला तर बिबट्या चार डोंगर पलीकडे जाईल. इथे तो जाणार कुठे? गोरेगावच्या सोसायटीत? २०१५ च्या कॅमेरा ट्रॅपच्या अभ्यासात पार्क आणि आसपासच्या भागात ३५ बिबटे मोजले गेले. दर शंभर चौरस किलोमीटरला साधारण बावीस. इतक्या दाटीने, इतक्या लोकांच्या शेजारी हे जनावर राहू शकतं याचं एक कारण म्हणजे त्याने आणि आपण वेळ वाटून घेतलीय. दिवस आपला, रात्र त्याची. पहाटेचा अंधार हा त्या वाटणीतला वादाचा बांध. आमचा अर्ज नेमका तोच बांध कोरायला निघालाय!

२००४ साल आठवा. त्या वर्षी मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि शहरात पळणं ही मिरवायची गोष्ट झाली. त्याच वर्षी पार्काच्या कडेने बिबट्यांच्या हल्ल्यांत कित्येक माणसं गेली. यात मॅरेथॉनवाले नव्हते. पाड्यांवरची, झोपडपट्टीतली माणसं होती, त्यात लहान मुलं बरीच. नंतर वनखातं, अभ्यासक आणि '२०११ पासून मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' या उपक्रमातली मंडळी यांनी वस्त्यावस्त्यांत जाऊन सांगितलं: कचरा उघडा टाकू नका, अंधारात पोरांना एकटं सोडू नका, बिबट्या दिसला तर पळू नका. शेवटचं वाक्य परत वाचा. आणि आपल्याला हेडलँप लावून नेमकं पळायचंच आहे. आपल्यातल्या एकावर उद्या पंजा पडला तर पिंजरा कुणासाठी लागेल, आणि पाड्यावरच्या वारली बाईचं सरपणाला जाणं आधी कोण बंद करेल, हे सांगायला नको.

दुसऱ्या मागणीला अर्धा होकार का? कारण मातीवर पळणं ही खरोखर वेगळी चीज आहे. डांबरावर प्रत्येक पाऊल सारखंच पडतं, मातीवर एकही पाऊल आधीच्यासारखं नसतं. घोटा, पोटरी, डोळे सगळे कामाला लागतात. आणि डोक्यातलं सोमवारचं रिलीज पाच मिनिटांत डिलीट होतं :) पण मातीच्या वाटेचं एक असतं, ती खर्च होते. पावसात पन्नास जण चिखल चुकवायला कडेकडेने पळाले की हातभर वाट चार हात होते. मधली माती घट्ट बसते, पाणी मुरत नाही, तिच्यावरूनच वाहतं, आणि दोन पावसाळ्यांत वाटेचा ओहोळ होऊन झाडांची मुळं उघडी पडतात. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. पार्कात २०१६ ला फुलली, मग २०२४ ला. तुडवलेल्या रोपाने पुढच्या फुलोऱ्यासाठी २०३२ पर्यंत तग धरायचा, तो आमच्या बुटांखाली. म्हणून माझं म्हणणं: एखाद-दुसरी वाट, पावसाळा सोडून, उजाडल्यावर, मोजके लोक, सोबत पाड्यावरचा वाटाड्या आणि त्याला पैसे. घड्याळ लावून शर्यत नाही. शर्यतीत माणूस वाट बघत नाही, पुढच्याची पाठ बघतो.

ग्रूपमधला एक हुशार मुद्दा मात्र मान्य करतो. 'पार्काच्या पोटातून ठाणे-बोरिवली जुळे बोगदे खणतायत, आरेमध्ये २०१९ च्या ऑक्टोबरात रातोरात दोन हजारांवर झाडं पाडली, आणि तुला आमच्या बुटांचं पडलंय?' हो, प्रमाण बघता हे हास्यास्पदच आहे. पण बोगद्याविरुद्ध बोलताना 'हे जंगल आहे' असं आपण म्हणतो ना? मग रविवारी सकाळी ते 'ट्रॅक' कसं होतं?

दुसरा नेहमीचा मुद्दा, 'परदेशात बघा'. बघितलंय. प्रोजेक्टसाठी गोथेनबर्गला होतो तेव्हा वर नॉर्वेच्या सीमेला लागून असलेल्या कॉस्टर बेटांवर गेलो होतो. कॉस्टरहावेट हे स्वीडनचं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान, २००९ सालचं. बहुतेक सगळं पाण्याखाली, वर बेटं आणि खडकांचे ठिपके. बेटावर पर्यटकांच्या गाड्या नाहीत, खडीच्या आणि मातीच्या वाटा, एका बाजूला समुद्र. कुठेही तिकीट नाही, गेट नाही. तिथे कुणाच्याही रानातून चालण्या-पळण्याचा हक्क सगळ्यांना असतो, आणि त्याला अट एकच: त्रास देऊ नका, नासधूस करू नका. मजा आली, खोटं कशाला बोलू. पण त्याच उद्यानात सील आणि पक्ष्यांच्या विणीच्या जागा वर्षातले काही महिने माणसांना पूर्ण बंद असतात, आणि तिथे कुणी अर्ज करत नाही. शिवाय अख्ख्या स्वीडनची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर. आपल्याकडे तेवढी माणसं एकट्या मुंबईत, आणि त्यातली काही हजार रोज पहाटे याच एका गेटवर. तिथला मोकळेपणा हवा, तर तिथल्यासारखी भरपूर जागा आणा आधी.

जागेवरून आठवलं, आणि खरं तर मला बोलायचं होतं ते यावरच. मी अहमदपूरचा. आमच्या लातूर जिल्ह्यात जंगल एकूण क्षेत्राच्या एक टक्क्याच्या आत आहे. बालाघाटच्या माळावर सगळीकडे सोयाबीन आणि तूर, आणि त्यात मधूनच एखादी झाडांची टेकडी. गंमत म्हणजे आमच्याकडे तिला 'बेट'च म्हणतात. शेजारच्या चाकूर तालुक्यातलं वडवळ नागनाथचं औषधी वनस्पतींचं बेट प्रसिद्ध आहे. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, पण शब्द अगदी चपखल.

तर या अहमदपुरात पहाटे पळणारी पोरं आमच्या ग्रूपपेक्षा कितीतरी जास्त आहेत. त्यांना मेडल नकोय, नोकरी पाहिजे. पोलीस भरतीत पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. सैन्याचं वेगळंच. ही पोरं पळतात कुठे? लातूर-नांदेड हायवेच्या कडेला, पांढऱ्या पट्टीच्या बाहेरच्या दोन फुटांत. माझा चुलतभाऊ त्यातलाच. 'दादा, उजाडल्यावर ट्रक लई असतेत, म्हणून साडेचारला निघतो,' म्हणाला. म्हणजे ट्रक कमी, पण जे आहेत त्यांना तो दिसत नाही. 'आणि शेतातून पळ की,' असं मी म्हटलं तर हसला. पावसाळ्यात काळ्या रानात चार पावलं टाकली की बुटाला दोन-दोन किलो माती, आणि उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा. पोरींचं तर विचारूच नका. साडेचारला हायवेवर कोण पाठवणार? त्या घराच्या गच्चीवर, नाहीतर गल्लीत फेऱ्या मारतात आणि ८०० मीटर थेट भरतीच्या मैदानावरच पहिल्यांदा सलग पळतात.

याच बालाघाटाच्या दुसऱ्या टोकाला, बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्यातून अविनाश साबळे निघाला, सैन्यात गेला, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण घेऊन आला. त्याचे सत्कार करायला सगळे पुढे. पळायला जागा द्यायची म्हटलं की नगरपालिका पेव्हर ब्लॉकचा दोनशे मीटरचा 'वॉकिंग ट्रॅक' बांधते, त्याला रंगीत कमान आणि कमानीवर नावं. पेव्हर ब्लॉकवर बिनास्पाइकचं पोरगं सोळाशे मीटर पळालं तर नडगी धरून बसतं.

आणि जागा आहे हो! १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीवर झालेले पाझर तलाव तालुक्यात ठिकठिकाणी आहेत. त्यांच्या बांधावर वरून मुरूमच असतो. काही बांध चार-पाचशे मीटर सरळ लांब, गाडी नाही, बिबट्या नाही, एका बाजूला पाणी. बाभळी तशाही बांधावर वाढू द्यायच्या नसतात, मुळांनी बांध फुटतो, म्हणजे साफसफाई करायचीच असते. शाळेच्या मैदानाचं कुलूप पहाटे दोन तास काढलं, पोरींसाठी एक वेळ राखून ठेवली आणि दोन दिवे लावले तरी चालेल. इथे दिव्यांनी कुणाचीही रात्र मोडत नाही.

म्हणून ग्रूपला माझा उलटा प्रस्ताव दिलाय. ट्रेल रनच्या एंट्रीला आपण दीड-दोन हजार सहज मोजतो. या वर्षी एक रन रद्द, त्या पैशात एका बांधावर मुरूमाचा थर आणि रोलर. परवानगीचं पत्र मी लिहितो, जलसंधारणवाल्यांकडे चुलतभाऊ घेऊन जाईल. आतापर्यंत सहा अंगठे आलेत. अर्जाला चाळीस आहेत.