नाणं खरं, लूप खोटं
पायथन शिकू लागलेलं शिराळ्यातलं एखादं पोर संगणकावर १०० वेळा नाणं उडवून छापे मोजायला बसलं, की चूक बहुतेकदा लूपमध्येच दडलेली सापडते. उत्तर थेट १०० किंवा ० आलं, तर नाणं लूपच्या बाहेर एकदाच उडवलेलं असतं आणि तोच निकाल शंभरदा मोजला जातो. उत्तर १ किंवा ० आलं, तर मोजणीचा आकडा लूपच्या आत दर फेरीला पुन्हा शून्य होत असतो. प्रोग्रॅम थांबायचं नावच घेत नसेल, तर व्हाइल लूपमध्ये फेरीचा आकडा वाढवायचा राहिलेला असतो. सगळ्यांत बेमालूम चूक हद्दीची: पायथनची रेंज शेवटचा आकडा धरत नाही. उदाहरणार्थ, समर्थ रामदासांच्या ११ मारुतींपैकी एक शिराळ्यात आहे. १ ते ११ अशी रेंज लिहून हे मारुती मोजले, तर दहाच भरतील. ४७ छापे आले म्हणून मात्र कोड उकरत बसू नये. नेमके ५० येण्याची शक्यता जेमतेम ८ टक्के; ४० ते ६० च्या दरम्यानचं उत्तर खुशाल स्वीकारावं. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असलेल्या जॉन केरिच या गणितज्ञाने खरंखुरं नाणं १०,००० वेळा उडवलं, तेव्हा छापे आले ५,०६७. शंका आलीच तर १०० ऐवजी ५ फेऱ्या लावा, दर फेरीला निकाल आणि मोजणी दोन्ही प्रिंट करा आणि बोटांवर ताळा करून पाहा.