लाइकचे बटण नव्हते तेव्हाही

मोबाइलमुळे मुले खिन्न होतात, की खिन्न मुलेच मोबाइलमध्ये डोके खुपसतात? हा वाद घराघरांत आहे, संशोधकांतही आहे. उत्तर शोधताना एक जुना योगायोग कामी आला. फेसबुक २००४ मध्ये हार्वर्डमध्ये सुरू झाले आणि मग अमेरिकेतील एकेका महाविद्यालयाला टप्प्याटप्प्याने खुले झाले. जिथे ते आधी पोहोचले आणि जिथे नंतर, तेथील विद्यार्थ्यांच्या आरोग्य सर्वेक्षणांची तुलना तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. फेसबुक आल्यावर नैराश्याची लक्षणे वाढली होती. मन ठिकाणावर नसल्याने अभ्यास बिघडतो, या तक्रारीही. कारण? बाकी सगळे मजेत आहेत, आपणच मागे पडलो, ही तुलना.

तेव्हा ना लाइकचे बटण होते, ना रील्स, ना हातोहाती स्मार्टफोन. त्यामुळे ‘हल्लीच्या मुलांनाच संयम नाही’ हे पालुपद फारसे टिकत नाही. ताटाशेजारी फोन ठेवून जेवणारे मोठेही त्याच तुलनेत अडकलेले असतात. दहावीच्या निकालादिवशी नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेली दुसऱ्याच्या मुलाची गुणपत्रिका आधी आईबापांना बोचते. बोलणी मात्र घरातले पोर खाते.